म्हणे

काल्डर नदीच्या काठी, बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी होती.
सात माणसं, चार मशीन, एक किटली.
फळ्यांत मुरलेलं तेल दमट दिवशी वर यायचं
आणि आमच्या फ्लॉप्यांना मेंढरांचा वास लागायचा.

आपण पोलिसांना स्मरणशक्ती विकतो,
असं डेस्मंड ओकेल म्हणायचा. विकायचं काम त्याचं.
करायचं माझं.

मला शिकवायला आली मिसेस मर्गाट्रॉइड,
सव्वीस वर्षं तळघरातल्या कार्डांपाशी बसलेली.
बुटांच्या खोक्यातून तिने नमुने काढले,
नावं खोटी, अक्षर तिचं.
बघा, म्हणाली, डोळ्यांनी दिसलं ते शाईत.
पबमध्ये कुणी बोललं, बायको रागात बोलली,
शेजारीण भिंतीवरून बोलली,
ते पेन्सिलीत.
पेन्सिल म्हणजे 'म्हणे'.

दर जानेवारीत ती रबर घेऊन बसायची.
वर्षभरात ज्या 'म्हणे'ला हाडमांस आलं नाही
ते खोडायची.
चुरा फुंकायची नाही;
ओंजळीत धरून शेगडीत टाकायची.

मी तीन रकाने केले:
कोण म्हणालं, त्याला कसं कळलं, कधीपर्यंत ठेवायचं.
रकान्यांपुढे सक्तीची चांदणी,
भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना.
हलच्या प्रात्यक्षिकात अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं.
परतताना गाडीत डेस्मंड म्हणाला,
रकाने राहू देत रे, सक्ती कशाला?

चांदणी पुसायला एक बोट लागलं.

मग आम्ही लीड्सला काचेच्या इमारतीत गेलो.
जिथे मिसेस मर्गाट्रॉइडची सकाळ जायची
तिथे तीन सेकंद.
आणि खोटं का बोलू,
बार्न्सलीची नऊ वर्षांची मुलगी त्यातूनच सापडली,
व्हॅनच्या अर्ध्या नंबरावरून, जिवंत.
त्या रात्री आम्ही सगळे रडलो, डेस्मंडसुद्धा.

काझिमिएझ डुडेकचं पत्र आलं त्यानंतर चार वर्षांनी.
ब्रॅडफर्डला पावाची भट्टी.
कधीकाळी त्याने एक जुनी व्हॅन विकली होती
कुणाच्या तरी मावसभावाला.
पडद्यावर दोन चौकोन, मध्ये रेघ.
व्हॅन विकली, उसने पैसे दिले, एका बाकावर बसले,
रेघेला काय त्याचं!
सगळ्या ओळखींना मी एकच जाडी दिली होती.

हलच्या धक्क्यावर दर खेपेला त्याला बाजूला घेत.
बहिणीच्या लग्नाला नेलेले राईचे पाव
सुरीने उभे चिरले, आत काय आहे बघायला.
आत पाव होता.
सातव्या खेपेला त्याने विचारलं,
माझ्याबद्दल लिहिलंय तरी काय?
तरुण शिपाई प्रामाणिक होता.
म्हणाला, तुम्ही आहात, एवढंच लिहिलंय.

नोंद तपासायला मलाच पाठवलं.
कोण म्हणालं: रिकामं.
कसं कळलं: रिकामं.
कधीपर्यंत: रिकामं.
कर्सर तिथे लुकलुकत होता,
कुणी काही म्हणेल याची वाट बघत.

मिसेस मर्गाट्रॉइड आता हेब्डनच्या वृद्धाश्रमात.
खिडकीशी, मांडीवर शब्दकोडं.
मी सगळं सांगितलं, चांदणीसकट.
ती रागावेल म्हणून तयारीने गेलो होतो.
तिने एवढंच विचारलं,
रबर कुठे ठेवलंत?

मी म्हटलं, रोज रात्री दोन वाजता
सगळ्याची एक प्रत निघते, दुसऱ्या गावी जाते.
तिथूनही एक निघते.
कुठे, ते मलाही नक्की माहीत नाही.

बराच वेळ ती नदीकडे बघत राहिली,
मग म्हणाली, सात आडवं अडलंय. पाच अक्षरी.

मी सांगितलेला शब्द तिने लिहिला,
अगदी फिकट.