इन्व्हिजिलेटर

लर्विकच्या शाळेत, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये
मे महिन्यात टेबलं मांडतात,
तेव्हा जमिनीवरच्या पिवळ्या-निळ्या रेघा
तशाच राहतात टेबलांखाली.
रूबी इंकस्टर त्या रेघांवरून चालते.
रबरी तळव्यांचे बूट, खिशात सहा जादा पेनं,
छातीवर बिल्ला: इन्व्हिजिलेटर.

काम मिळालं त्या रात्री तिने शब्दकोश काढला होता.
लॅटिन. मुळाशी जागणं.
नजर ठेवणं मागाहून आलं,
आणि पकडणं तर कुठेच नाही.
वापर असा, की हे जे काही करायचं
ते परीक्षेचं करायचं, मुलांचं नाही.
अमेरिकेत याच माणसाला प्रॉक्टर म्हणतात.
तो शब्द तिला कडी लावल्यासारखा वाटला.

आपण पर्यवेक्षक म्हणतो.
सगळीकडून बघणारा. बरा शब्द आहे, इस्त्री केलेला.
पण रूबीला मी जागल्या म्हणेन,
गाव निजल्यावर काठी आपटत फिरायचा तो.

कारण एकतीस वर्षं ती जागलीच होती
कोस्टगार्डच्या खोलीत, सोळा नंबरच्या चॅनलला कान लावून.
खरखर. खरखर.
आणि कधीतरी पहाटे तीनला एका बोटीचं नाव,
दोनदा, घाईघाईने.
बहुतेक रात्री काहीच होत नसे.
काही न होणं ऐकायलाही माणूस लागतो, ती म्हणते,
आणि त्याचा पगार घेतला याचं तिला अजून हसू येतं.

आज सातव्या रांगेत हात वर झाला.
राइव्हिस. आई मासळीच्या कारखान्यात,
लाटव्हियाहून येऊन जेमतेम दोन वर्षं.
पहिल्या पानाच्या तळाशी त्याचं बोट:
खोली सोडण्यापूर्वी उत्तरपत्रिका अमक्याकडे द्या,
न दिल्यास सगळे गुण जातील.
अमक्याकडे म्हणजे कुणाकडे?
त्या एका शब्दाखाली नखाची खूण.

नियम असा, की प्रश्नपत्रिकेवरच्या
एकाही शब्दाचा अर्थ सांगायचा नाही.
हा शब्दही प्रश्नपत्रिकेवरच.
नियम लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नसावं.

रूबी काही बोलली नाही.
तिने बिल्ला सरळ केला.
त्याने अक्षरं जुळवली, एकेक,
पानावरची, बिल्ल्यावरची, पुन्हा पानावरची,
मग वर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं
आणि एवढंच ना, अशी मान हलवून
पान उलटलं.

आता हॉलभर खरखर. त्रेचाळीस पेनांची.
खिडकीबाहेर वारा, बंदराकडून डिझेलचा वास.
ती ऐकत फिरते.
पाचव्या रांगेत एकाला डुलकी लागली आहे,
गाल थेट आलेखाच्या कागदावर.
उठवावं की नाही, याचाही नियम आहे कुठेतरी,
तिला आठवत नाही.
त्याच्या टेबलापाशी तिच्या हातून
एक पेन खाली पडतं.
मुद्दाम.