हातचा

मनामाच्या जुन्या बाजारात, जितेनभाईंच्या माळ्यावर
कस्टमची बुकं रद्दी म्हणून पडून आहेत.
एजन्सीची लाल शाई, वाळवीची भोकं,
खाली दुकानात केशर तोलायचा काटा.

पणजोबा इथे कारकून. बाबाजी कुबल, मुक्काम वेंगुर्ला.
साहेबाच्या लेखी कधी कूबल, कधी कोबाल,
एका पगारपत्रकात चक्क केबल.

मी आता नाव शोधतच नाही.
खजुराच्या गोण्यांच्या बेरजेशेजारी, समासात,
पेन्सिलीनं मांडलेला हातचा शोधते.
बाकी आकडे इंग्रजी, हातचा तेवढा मराठी.
सातची गाठ सैल,
घरी आलेल्या पत्रांवरच्या तारखांत आहे तशी.

चौतीसच्या आषाढात तार आली होती:
होडी उलटली, बाबाजी गेला.
पणजीनं त्याच दिवशी बांगड्या फोडल्या.
आजोबा तेव्हा पाच महिन्यांचे.

हे बुक छत्तीसचं.
रंगूनचा तांदूळ, अठरा गलबतं.
समासात हातचे सात.
सैल गाठ.

खालून जितेनभाई विचारतात, चहा सांगू का?
मी हो म्हणते. थोड्या वेळानं पुन्हा हो म्हणते.
पान उलटत नाही.
बेरीज बरोबर आहे,
दोनदा करून पाहिली.