हातचा

मार्चचा दुसरा बुधवार. मॉमी नदीवरचा बर्फ
काठाकाठाने सुटू लागलाय, मध्ये अजून घट्ट.
दुपारी चार वाजता आमचं नवं वर्ष लागतं.
घंटा नाही, आतषबाजी नाही.
फक्त एक आकडा, आणि त्याच्या खाली असायचं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे अंथरूण सगळ्या संघांना एकाच मापाचं,
लीगने शिवून दिलेलं.
आमचे पाय सध्या
एक कोटी एकोणसाठ लाख डॉलर बाहेर आहेत.

वेकफील्ड रॅन्सडेल, आमचा क्वार्टरबॅक, वय सदतीस.
पगार दोन कोटी बारा लाख.
बारा लाख तसेच ठेवायचे. उरलेल्या दोन कोटींना
बोनस म्हटलं की त्यांचे पाच तुकडे करता येतात,
चाळीस-चाळीस लाखांचे, पाच वर्षांवर पसरून.
त्याला सगळे आजच मिळतात.
वहीला मात्र हप्त्याहप्त्याने कळवायचं,
जसं आजारी माणसाला सांगतात कुणी गेल्याचं.

पाचातली शेवटची तीन वर्षं तो खेळणार नाही.
ती करारात आहेत. कॅलेंडरात आहेत.
त्याच्या गुडघ्यात नाहीत.

तिसरीत मिसेस झाबो शिकवायच्या:
हातचा वर लिहा, बारीक अक्षरात,
आणि विसरू नका, ओडेसा.
मी विसरले नाही. बावीस वर्षं तेवढंच काम करतेय.

तवीता लेइआताउआला दोन वर्षांपूर्वी सोडला.
मैदानावर तो नाही, जेवणाच्या रांगेत नाही,
पण वहीत यंदाही एकसष्ट लाखांची जागा अडवून बसलाय.
अशा रकमेला आम्ही मेलेला पैसा म्हणतो.
तो स्वतः सँडस्कीत चांगला जिवंत आहे, बोटी दुरुस्त करतो,
नाताळला मला धुरावलेल्या माशांचा डबा पाठवतो,
वर चिठ्ठी: अजून किती वर्षं आहे मी तुमच्याकडे?

अख्खा हिवाळा मी नोविकीसाहेबांशी भांडले.
म्हटलं, हे आजचं मरण उद्यावर ढकलणं आहे.
ते खिडकीशी उभे, हातात थंड कॉफी.
म्हणाले, मिस पेटवे, उद्या मरायला
आधी आज जिवंत असावं लागतं.
मग म्हणाले, पाच वर्षांनी या खुर्चीत
दुसराच कुणी असेल.
हे त्यांनी कबुलीसारखं सांगितलं की सबबीसारखं,
अजून ठरवता आलेलं नाही.

कारण कुणीतरी असणारच ना.
आणि एक मुलगा असेल, आज सतरा वर्षांचा,
कुठल्यातरी गावात गोठलेल्या ढेकळांवर धावणारा.
पाच वर्षांनी तो आमच्या दारात येईल, चांगला असेल,
आणि आम्ही म्हणू, जागा नाही.
तो विचारणार नाही कुणी अडवली. त्यांना कुणी सांगत नाही.

माझे वडील काचेच्या कारखान्यात होते एकतीस वर्षं.
कंपनीनेही त्यांना पुढची वर्षं लिहून दिली होती,
सुबक अक्षरात, शिक्क्यासह.
कंपनी गेली. कागद फडताळात आहे.
आता नाकात ऑक्सिजनची नळी, वय एक्याऐंशी,
आणि भिंतीवर त्यांच्या तिकिटांची रांग,
एकाही जिंकलेल्या वर्षाचं तिकीट तीत नाही.
दर रविवारी एकच प्रश्न, श्वास मोजून:
यंदा?

तीन वाजून एक्कावन्न मिनिटं.
मी जे करू नये म्हणून हिवाळाभर आकडे मांडले
ते केलं.
पाठवलं.
एक लाखाने आत.

नोविकीसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला, बोलले नाहीत.
बाहेर बर्फाचा एक मोठा तुकडा सुटला
आणि पुलाच्या खांबाला जाऊन अडला.

मग मी पाच वर्षांनंतरचं पान उघडलं.
कोरं होतं.
अजून एकाही खेळाडूचं नाव नाही, संघच नाही.
सगळ्यात वर, बारीक अक्षरात,
रॅन्सडेल. चाळीस लाख.

फोन वाजत होता. वडिलांचा असणार.
मी तो उचलायच्या आधी
एकदा बेरीज तपासली.