कोरडा दिवस

शुक्रवार. नगरपरिषदेच्या कागदावर आज कोरडा दिवस.
म्हणजे घरोघरी पिंप उपडं करायचं,
घासायचं, उन्हात ठेवायचं.
कागद चांगलाय. खाली सहीशिक्का.

मनमाडात नळ येऊन आज तेरा दिवस झाले.

द्रौपदाबाई शेजवळांच्या पिंपात मी बॅटरी मारतो.
उजेडाच्या गोलात अळ्या,
स्वल्पविरामासारख्या, खालीवर.
“दिसल्या?”
“मला तं पाणी दिसतंय,” त्या म्हणतात.

मग आमचं ठरलेलं.
त्या जुन्या लुगड्याची चौपदरी घडी
हंड्याच्या तोंडाला बांधतात,
मी पिंप कलतं धरतो,
आणि तांब्या तांब्यानं, एक थेंब न सांडता,
आम्ही पाण्यातून डेंग्यू निवडतो
तांदळातून खडे निवडावेत तसा.
पिंप घासायचं ते राखेनं, कोरडंच.
फडकं तापल्या फरशीवर झटकायचं.
मिनिटभर वळवळ, मग नुसते डाग.
पाणी परत पिंपात.

“अर्धा पेला तरी घे बाबा.”
“आत्ताच प्यायलो, त्या घरी.”
त्या घरीही हेच सांगून आलोय.
चौतीस घरं, आणि जीभ टाळूला चिकटलेली.

रजिस्टरात रकाना: रिकामी केलेली भांडी.
लिहितो, एक.
वरचे साहेब बेरीज करतात, वास घेत नाहीत.

निघताना दारावर खडूनं तारीख टाकायची असते, खाली सही.
जागा शोधावी लागते.
मागचा शुक्रवार तिथंच आहे,
त्याच्या मागचाही.
दार धुवायला पाणी कुणाकडंय?