चेपलेलं चिपटं

सतरा वर्षांनी कुडाळहून मनोरमा वहिनीचा फोन आला,
मी बांगड्याला तिरफळं ठेचत असताना.
खुशाली नाही, वाटेच्या दाव्याचं नाव नाही.
"भावजी, माझी तवसळी दगड जाता.
सासूबायचा प्रमाण काय होता?"

मी वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात काट्यावरचा माणूस.
एकतीस वर्षं ग्रॅमात जगलो,
अख्खा गर वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा.
पण घरात आईचा कारभार:
कुळथाचं पीठ मुठीनं,
मीठ हाताला कळेल तेवढं,
आमसुलं घरात माणसं असतील त्याच्या निम्मी
आणि एक वर, कोण कधी येईल सांगता येत नाही.
घावनाचं पीठ बोटांवरून पडावं
आणि पडताना थोडं रेंगाळावं.
हे फोनवर कसं सांगायचं?

तरी सांगत गेलो.
वाशाला टांगलेलं जून तवसं घे वहिनी, पिवळं पडलेलं.
बिया काढ, कीस, पाणी पिळून टाकू नकोस.
(टाकलं असावं. पलीकडे गप्प.)
तांदळाचा रवा तुपावर परत,
शेजारीण विचारायला येईपर्यंत.
मग तवसं, गूळ, ओलं खोबरं, मिठाचा कण, वेलची,
काजू घाल, पाकळी चालते, अख्खा विकायला ठेवायचा.
टोपाच्या बुडाशी हळदीचं पान.
विस्तव खाली थोडा, झाकणावर जास्त,
करवंटीचे निखारे.
"आमच्याकडे ओव्हन आसा."
असू दे. त्यालाही खाली-वर कळतं.

"आणि रवो?"
एका तवशाला दोन चिपटी.
"मी तेवढोच घातलंय."

फोन ठेवला आणि फडताळाकडे बघत बसलो.
बांगडा करपला.

दोन चिपट्यांचं एक मापटं, शाळेत घोकलं होतं.
आमच्या घरात ते कधीच भरलं नाही,
कारण चिपट्याला एका अंगानं पोक आहे.
बाबलीदादानं नऊ वर्षांचा असताना
ते कुत्र्यावर फेकलं, लागलं विहिरीच्या कठड्याला.
बाबांनी त्याला माडाच्या हिराने झोडलं.
आई म्हणाली, मोजता येतं ना? मग राहू दे.
आणि त्यानंतरची प्रत्येक तवसळी
त्या पोकासकट मोजली गेली.

वाटण्यांच्या दिवशी ओटीवर पंच बसले.
हंडा त्याला, घंगाळ मला,
माडांना नंबर पडले, पाट्याला वरवंट्यापासून तोडलं.
चिपटं हातात घेऊन दादा म्हणाला,
"चेपलेला कित्याक व्हया?"
आणि कुडाळच्या बाजारातून नवं आणलं,
गोल, सरळ, खरं.

रात्री मी दोन्ही मापांचा रवा जोखला,
शेजारच्या परबांकडून चांगलं चिपटं मागून आणून.
बेचाळीस ग्रॅमची तूट. दोनांत चौऱ्याऐंशी.
एवढ्यावर दगड.

फोन करून आकडा सांगता आला असता.
काट्यावरच्या माणसानं तेच करायला हवं.
सकाळी बाजारातून नवं चिपटं घेतलं,
विहिरीवर गेलो, कठड्याची तीच कड शोधली, आपटलं.
कमी बसलं. पुन्हा.
माडावरून मधू पाडेली खाली बघत राहिला,
काही बोलला नाही.
तिसऱ्या घावाला बेचाळीस भरले.

वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर लिहिलं,
रवा यातून. काठोकाठ, शीग नको.
कुडाळ गाडीच्या कंडक्टरकडे दिलं.

आठ दिवस काही नाही.
नवव्या दिवशी त्याच कंडक्टरनं डबा आणला.
तळ थोडा लागलेला, वरून लालसर,
बोटानं दाबलं तर दबून पुन्हा वर येणारी.
झाकणाखाली चिठ्ठी, अक्षर वहिनीचं नाही.
"कठड्याक लागला, कुत्र्याक नाय. बाबांक सांगूक व्हया होता."

तेवीस तारखेला कोर्टात दोघांनाही हजर राहायचं आहे.
वाट अजून कुणाचीच नाही.
फडताळाच्या वरच्या वाशाला
मी एक तवसं बांधून ठेवलंय.