उचलून डावीकडे

संमेद मगदूम इचलकरंजीहून सकाळीच आला,
बरोबर लूमवाला मामा, आणि खिशात चुंबक.
दारांवरून, चाकांच्या कमानींवरून चुंबक फिरवलं त्यानं.
जिथं जिथं ते निसटलं तिथं मीच बोट ठेवलं:
इथं पुट्टी आहे. इथं शिसं.
इथं रफिक पेंटरचा हात आहे,
ते तू लोखंडच समज.

वास्कोच्या एका खाणवाल्याच्या शेडमधून आणली
तेव्हा चोर्ला घाट ती टेम्पोत बसून चढली.
सीटखाली कोंबडीची तीन अंडी निघाली.
उद्यमबागेत पोरं तिला पिटफायर म्हणायची,
सगळं नाक पुढच्या बाजूला उघडतं तिचं,
कुणी जांभई देता देता खाली पडावं तसं.

इंजिन मूळचं नाही.
मूळचं कंग्राळीच्या भंगारात किलोवर गेलं,
हे मामाला सांगू नको, त्यांना मूळ फार आवडतं.
हे ऑक्टाव्हियाचं, टर्बो,
संकेश्वरजवळ कंटेनरखाली गेलेल्या गाडीचं.
माणसं वाचली होती. विचारूनच घेतलं मी.
मॅनिफोल्ड भातकांडेंच्या फाउंड्रीत ओतला,
तिसऱ्या खेपेला जमला,
पहिले दोन अजून दाराला टेकू आहेत, बघ की.
बेलहाउसिंगची चकती बसवण्णीनं लेथवर धरली,
महिनाभर रोज संध्याकाळी, चहावर.
तो कन्नडात मोजायचा, मी मराठीत,
चूक झाली की दोघं कोकणीत शिव्या द्यायचो.

नंबर गोव्याचा, कागद कन्नडात,
सांगाडा विलायतेचा, आता पासिंग एमएच.
मामा म्हणाले, मग नेमकी कुठली म्हणायची गाडी?
चहा घ्या, म्हटलं.

ऐक आता.
थंड असताना दाबायचं नाही.
घरी पोचलास की लगेच चावी फिरवू नको,
दोन मिनिटं उभी राहू दे तशीच चालू,
टर्बो आतून लाल असतो,
तेल थांबलं की जळतो.
पाय दाबलास की ती लगेच येणार नाही.
एक... दीड... असं मोज मनात.
मग येते. मग मात्र स्टिअरिंग घट्ट.
वंटमुरीच्या उतारावर पोरपण करू नको.

विकता का, असं विचारलंच त्यानं शेवटी.
खरं ते सांगितलं:
बसता येतं अजून. उठता येत नाही.
गेल्या दसऱ्याला पूजेनंतर चक्कर मारली
आणि बायकोनं व बसवण्णीनं मिळून बाहेर काढला मला,
गियरबॉक्स उतरवतात तसा, खाली पोतं टाकून.

पैसे मोजले. पाचशेची एक नोट फाटकी निघाली,
मामांनी बदलून दिली.
पाचला गाडी बाहेर पडली.
तिसऱ्या गेटापर्यंत आवाज होता,
मग मालगाडी आली वाटतं.
मी शेड झाडली. तेलाच्या डागावर भुसा टाकला.
काही वाटलं नाही.
बायको म्हणाली, जेवलास बरा की आज.

साडेसातला फोन.
काका, कोगनोळी टोलनाक्यावर आहे,
फास्टॅग नाही, मागं घे म्हणतायत,
रिव्हर्स पडतच नाही,
मागं ट्रक, सगळे बोंबलतायत, दोन्ही भाषांत.

सांगायचं राहिलं होतं.
दांडा मी स्वतः बनवलेला,
इतकी वर्षं माझाच हात जायचा तिथं,
हाताला कोण सांगतं.

दाबू नको रे. उचल.
वर उचल आधी, बाटलीचं बूच काढतोस तसं.
उचललास? आता डावीकडे. आता मागं.
जोर नको, जोर नको, ती स्वतः जाते.

हॉर्नांच्या गलक्यातून
खट्,
दोन दातांमध्ये तिसरा बसल्याचा.
ऐकू आला मला इथं, ताटावर.

आली, आली काका! म्हणाला, आणि कट झाला.

एक...
दीड...