वासे

चाचणीची पट्टी कास्त्रोहून आणली,
कारण आमच्या बेटावरचं औषधांचं दुकान
नणंदेच्या नवऱ्याचं.
बोटीने जायला दोन तास, यायला दोन,
आणि कळायला तीन मिनिटं.

दिवस गेले होते.
मी समजत होते, गेले म्हणजे गेलेच.
सेहेचाळीस सरलं, पाळी तीन महिने गप्प,
रात्री घाम, सकाळी गुडघे.
कारखान्यात सामनचे काटे चिमट्याने उपटता उपटता
ओरिएता म्हणाली होती, सुटलीस नोल्फा,
आता पांढरी पँट घाल खुशाल.
नर्सने कार्डावर वय लिहिलं
आणि खाली दोन रेघा ओढल्या,
शाळेत माझ्या गणिताखाली ओढायचे तशा.

सप्टेंबरात सासू गेली.
एरिबेर्तो आला पुंता अरेनासहून,
तिथे त्याचं दुसरं घर आहे, गॅसची शेगडी आहे,
आणि एक लिदिया.
नऊ रात्री प्रार्थना, नऊ रात्री लोकांना जेवण.
दहाव्या रात्री भांडी घासून झाल्यावर
आम्ही दोघंच चुलीपाशी.
थकलेलं माणूस ऊब शोधतं, एवढंच ते.
त्याला कुणी नाव देऊ नये.
मीही दिलं नाही. फोनही केला नाही.

मग दीर आले, टोप्या हातात घेऊन.
म्हणाले, जमीन आईची, म्हणजे आमची.
घर तुझं. घर ने.
दुसरीकडे कुठे ही शिवी झाली असती.
आमच्याकडे लोक खरंच नेतात.

पट्टी यास्नाला सापडली, राखेच्या बादलीत.
तिचं पोर अकरा महिन्यांचं, दात येणारं, रात्रभर रडणारं.
"म्हणजे मामा भाच्याहून लहान," ती म्हणाली.
"लोक काय म्हणतील ते सोड.
मी काय म्हणू, तेवढं सांग."
मला सांगता आलं नाही.
तिने पाळणा उचलला, सासरी गेली.
पाळण्याखालच्या फळ्या
बाकीच्या फळ्यांपेक्षा पिवळ्या निघाल्या.

जानेवारीत मिंगा बोलावली.
अख्खं गाव येतं, पैसा घेत नाही, पोटभर जेवतं.
चूल काढली, धुरांडं काढलं,
संत अंतोनियोला उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं.
नऊ बैलजोड्या, जाड दोर, घराखाली ओंडके,
आणि रोसामेल, हातात काठी,
तोंडात असतील नसतील त्या शिव्या.
घर उठलं. चाललं.
घर फिरलं की वासेही फिरतात म्हणे.
मी मान वर करून बघत होते:
वासे होते तिथेच होते,
खिडकी तेवढी फिरली,
चर्च सोडून समुद्राकडे बघायला लागली.

ओहोटीत खाडी ओलांडायची. पलीकडे
माझ्या आईच्या वाटणीचं बटाट्याचं शेत.
मध्यावर घर रुतलं.
दोर तुटला, एक बैल गुडघ्यांवर आला,
पाणी परतायला चाळीस मिनिटं.
रोसामेल ओरडला, आत काय राहिलंय जड?
मी म्हटलं, काही नाही,
आणि बघायला गेले.

यास्ना बसली होती,
चूल होती तिथल्या पत्र्यावर, पोर मांडीवर घेऊन.
कधी चढली, कुणी पाहिलं नव्हतं.
डोळे सुजलेले, हातात अर्धा पाव.
"उतरवू नकोस," म्हणाली.
"या घरातून मी दोनदा गेले,
एकदा लग्नात, एकदा रागात.
आता घरच निघालंय तर बरोबर जाऊ दे."
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"बस. पाय बघ किती सुजलेत."

बसले.
तिने पोर माझ्याकडे दिलं.
चिडकं, ओलं, जड.
त्याने टाच माझ्या पोटात रोवली,
आणि आतून काहीतरी
हललं.

त्याच वेळी बाहेर आरडाओरडा झाला,
नवा दोर करकरला,
त्यामुळे नक्की सांगता येत नाही.
घरही असेल.